कृषिदूत गावात येण्यापूर्वी पहिला तास शेतकऱ्याचा

(डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलडाणा येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी खेड्यांमध्ये येतात, हे आपणांस ठाऊक आहे. मुलांना आपण कृषिदूत म्हणतो आणि मुलींना कृषिकन्या. ते येतात, शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवितात, माती परीक्षणाचे महत्त्व सांगतात आणि एक दिवस सरपंचांचे आभार मानून निघून जातात. गावाला त्यांचे कौतुक असते आणि ते योग्यच आहे. परंतु ते गेल्यानंतर शेतकऱ्याला विचारले की, या मुलांमुळे तुमच्या शेतात नेमके काय झाले, तर उत्तर द्यायला वेळ लागतो. विद्यार्थ्याला विचारले की, तू त्या शेतकऱ्याकडून काय शिकलास, तर तोही वही चाळू लागतो.

यात दोष ना मुलांचा, ना शेतकऱ्यांचा. उणीव तयारीची आहे. विद्यार्थ्याला गावातील कामासाठी कोणी तयार करावयाचे, हा माझा आजचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्याच्या हाताखाली काम शिकावयाचे, त्यानेच शिकाऊ मुलगा दारात येण्यापूर्वी त्याचा पहिला तास घ्यावा.

कार्यक्रम काय आहे?

प्रथम या कार्यक्रमाची माहिती घेऊ. ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमाला विद्यार्थी ‘रावे’ म्हणतात. कृषी पदवीचे शिक्षण केवळ वर्गात होऊ नये, विद्यार्थ्याने शेतकऱ्याजवळ राहून शेती पाहावी, हा विचार जुना आहे. आंध्र प्रदेशच्या कृषी विद्यापीठाने १९७९-८० च्या सुमारास असा कार्यक्रम सुरू केला. पुढे १९९२ मध्ये रंधावा समितीने सर्वच कृषी विद्यापीठांसाठी त्याची शिफारस केली. आपल्या राज्यातील चारही कृषी विद्यापीठांनी तो स्वीकारला. २०१५ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘स्टुडंट रेडी’ या योजनेत त्याचा समावेश झाला.

पाचव्या डीन समितीने घालून दिलेल्या आराखड्यात या कार्यानुभवाचे एकूण २० आठवडे धरले आहेत. त्यांची वाटणी अशी: एक आठवडा महाविद्यालयात पूर्वतयारी, आठ आठवडे गावात, पाच आठवडे संशोधन केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्रात, दोन आठवडे पीक रोग-कीड चिकित्सालयात, तीन आठवडे कृषी उद्योगात आणि शेवटचा एक आठवडा अहवाल व परीक्षेसाठी.

गावातील आठ आठवडे आणि उद्योगातील तीन आठवडे मिळून अकरा आठवडे विद्यार्थी दुसऱ्याच्या कामावर असतो. या अकरा आठवड्यांची पूर्वतयारी मात्र एका आठवड्यात उरकावयाची असते. त्या आठवड्यात प्राध्यापक अहवाल कसा लिहावा, प्रश्नावली कशी भरावी, हजेरी कशी घेतली जाईल हे सांगतात. ते आवश्यकच आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहावयाचे, त्याची काय अपेक्षा आहे, हे सांगायला तेथे कोणी नसते. तो शेतकरी तेथे असावा, एवढेच माझे मागणे आहे.

ही पद्धत नवी नाही

काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचे प्रयोग जगात बरेच झाले. अमेरिकेत सिनसिनाटी येथे हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात, अशी पद्धत सुरू केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून याच पायावर उभे राहिले. अशा ठिकाणी एक रीत पडून गेली आहे. विद्यार्थी कामावर जाण्यापूर्वी काम देणारे लोक स्वतः महाविद्यालयात येतात. आमच्याकडे काम काय असते, आम्हाला कसा मुलगा हवा, कोणत्या चुका आम्हाला चालत नाहीत, हे ते समोर बसून सांगतात. मुले प्रश्न विचारतात. मग कामावर गेल्यावर पहिले पंधरा दिवस चाचपडण्यात जात नाहीत.

आपल्याकडेही कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला आणि श्रमाची लाज वाटू नये हे शिक्षणातूनच शिकविले. तेव्हा परदेशाचे अनुकरण करा असे मी म्हणत नाही. आपल्याच विचाराची एक सुटलेली कडी जोडावयाची आहे.

आपला यात संबंध काय?

आपण म्हणाल, मुले विद्यापीठाची, परीक्षा विद्यापीठाची. आम्ही कशासाठी दगदग करावी? याचे उत्तर सरळ आहे. आज जो मुलगा आपल्या ओसरीवर बसून प्रश्नावली भरतो आहे, तो चार-पाच वर्षांत कोठे असेल? कोणी कृषी खात्यात असेल, कोणी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर, कोणी बियाणे कंपनीत. कित्येक जण स्वतःचे कृषी सेवा केंद्र थाटतील, कारण कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता कृषीविषयक शिक्षण लागते. म्हणजे उद्या आपल्या हातात औषधाची बाटली देणारा, पंचनामा करणारा, कर्जाचा अर्ज पुढे सरकविणारा माणूस आज आपल्या शेतात शिकायला आला आहे. तो कच्चा राहिला तर त्याचा भुर्दंड आपल्यालाच पडेल.

दुसरी एक गोष्ट आहे. यातील पुष्कळ मुले शेतकऱ्यांचीच आहेत. पण आईवडिलांनी त्यांना शिकण्यासाठी तालुक्याला, जिल्ह्याला ठेवले. चिखलात राबू नये म्हणून मुद्दाम शेतापासून दूर ठेवले. अशा मुलाला पिकाचे शास्त्रीय नाव येते, पण तिफणीचे चाडे धरता येत नाही आणि तसे सांगायला तो लाजतो. त्याच्या मनातील ही भीड वर्गातील व्याख्यानाने जाणार नाही. ‘येत नसेल तर सांग, मी दाखवितो’ हे वाक्य त्याने एखाद्या कास्तकाराच्या तोंडून ऐकले पाहिजे.

पाच तास, पाच विषय

आपल्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम येथे कृषी महाविद्यालय आहे. जिल्ह्यात बुलडाणा आणि जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही दूर नाही. तेव्हा जाण्यायेण्याची अडचण मोठी नाही. पूर्वतयारीच्या आठवड्यात रोज एक, असे पाच तास शेतकरी व व्यावसायिकांनी घ्यावेत, अशी माझी सूचना आहे.

१) शेताच्या ओळखीचा तास. शेतात शिरताना कोठून शिरावे, तासातून कसे चालावे, दुसऱ्याचा धुरा कोणता, फाटक उघडले तर लावून घ्यावे, इतक्या साध्या गोष्टींपासून सुरुवात करा. आपल्या शेताचा नकाशा फळ्यावर काढा. भारी काळी जमीन कोणत्या अंगाला, मुरमाड कोठे, पावसाचे पाणी कोठे तुंबते आणि कोठून निघून जाते, हे दाखवा. शिफारस हेक्टरी असते, पण एकाच शेतात दोन प्रकारची जमीन असते, हे विद्यार्थ्याला येथेच कळेल.

याच तासात माहिती कशी विचारावी हेही सांगावे. प्रश्नावलीत कर्ज, उत्पन्न, जमिनीची वाटणी यांचे रकाने असतात. चारचौघांत, पारावर बसून ‘तुमच्यावर कर्ज किती?’ असे विचारले तर शेतकरी एक तर उठून जातो किंवा मनाला येईल तो आकडा सांगतो. असे आकडे अहवालात जातात आणि त्यावरून निष्कर्ष निघतात. आधी काम करावे, ओळख व्हावी, मग एकट्याला गाठून विचारावे, आणि नको म्हटले तर रकाना रिकामा ठेवावा. हे शहाणपण पुस्तकात नाही. ते आपल्याजवळ आहे.

२) हाताच्या कामाचा तास. एकच काम घ्या, पण प्रत्येकाकडून करून घ्या. उदाहरण म्हणून सोयाबीनची उगवणशक्ती घेऊ. घरचे बियाणे चाळून त्यातील सरसकट १०० दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवावेत, गुंडाळून सावलीत ठेवावे, ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक निघाले तर हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६५ निघाले तर एकरी सुमारे सव्वाबत्तीस किलो आणि ६० निघाले तर ३५ किलो लागेल. त्याहून कमी निघाल्यास बियाणे बदललेले बरे.

हा हिशेब विद्यार्थ्याला येतो. पण सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक असते, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोत्यांची थप्पी उंच रचली तर उगवण बिघडते, हे त्याने आपल्याकडून ऐकावे. उलट बीजप्रक्रियेचा क्रम त्याने आपल्याला सांगावा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक. असा दोन्ही बाजूंनी चालणारा तास उत्तम.

हे काम पेरणीपूर्वीचे आहे, हेही लक्षात घ्या. विद्यापीठाचे सत्र आणि मृग यांची गाठ दरवर्षी पडतेच असे नाही. मुले गावात येईपर्यंत पेरणी आटोपलेली असू शकते. म्हणूनच निदान उगवणशक्ती, तिफणीची जुळवणी आणि पेरणीची खोली या गोष्टी आधीच्या तासात दाखविल्या पाहिजेत.

३) जीव सांभाळण्याचा तास. हा तास कधीही गाळू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. बाटलीवरील त्रिकोणाचा लाल रंग सर्वांत जास्त विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, हे विद्यार्थ्याला पाठ असते. पण वारा फिरला की फवारा थांबवावा, पऱ्हाटी डोक्याएवढी झाली असेल तर आत शिरून फवारू नये, नोझल तोंडाने फुंकू नये, तीन-चार औषधे एका पंपात कालवू नयेत, हे प्रत्यक्ष पंप समोर ठेवून सांगितले पाहिजे. शिकाऊ मुलाला एकट्याने फवारणी करू देऊ नये, हा नियम आपणच घालून द्यावा.

मळणीयंत्राजवळ ओढणी, शर्टाची मोकळी बाही आणि घाई या तिन्हींना बंदी. ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नये. वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबू नये. गंजीत, कुटारात, दगडांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने पाहावे. साप चावलाच तर जखम चिरू नये, दोरीने करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. हालचाल न करू देता तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. गावातून जवळचा दवाखाना कोणता आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल, हे पहिल्याच दिवशी मुलांच्या वहीत लिहून द्यावे. परक्याचे लेकरू आपल्या भरवशावर आलेले असते. कृषिकन्यांच्या बाबतीत राहण्याची जागा, न्हाणीघर आणि संध्याकाळचे येणेजाणे यांची व्यवस्था आधीच ठरवावी. ऐनवेळी शोधाशोध नको.

४) हिशेबाचा तास. आपल्यापैकी जे वही ठेवतात त्यांनी ती वही घेऊन जावे. नांगरटीपासून बाजार समितीतील काट्यापर्यंत एका एकराचा खर्च विद्यार्थ्यांना लिहायला लावावा. बियाणे, खत, औषध, निंदणाची मजुरी, डवरणी, सोंगणी, मळणी, भाडे, हमाली. घरच्या माणसांचे आणि बैलांचे काम कोणत्या रकान्यात लिहावयाचे, यावर चर्चा होऊ द्या. मग प्रश्न करावा: तुझी शिफारस स्वीकारली तर कोणता खर्च वाढेल, तो केव्हा करावा लागेल, आणि त्या दिवशी माझ्या हातात पैसा असेल का?

विक्रीचाही हिशेब दाखवावा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के असते. पावसाळी हवेत सोंगलेला माल त्या मर्यादेत आणायला किती दिवस वाळवावा लागतो आणि तोवर उधारीवाला थांबतो का, हे कळले म्हणजे शेतकरी माल पडत्या भावात का काढतो, याचे उत्तर विद्यार्थ्याला मिळेल. मग तो शेतकऱ्याला अडाणी म्हणणार नाही.

५) उद्योगाचा तास. उद्योगातील तीन आठवड्यांसाठी कृषी सेवा केंद्राचा चालक, डाळ मिलचा मालक, शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक अशांपैकी एकाने यावे. साठा नोंदवही कशी ठेवतात, बियाण्याच्या पिशवीवरील लॉट क्रमांक बिलावर का लिहितात, मुदत संपलेला माल वेगळा का ठेवतात, गिऱ्हाईक औषधाचे नाव न सांगता नुसते रोगट पान घेऊन आले तर काय विचारावे, हे त्याने सांगावे. वेळेवर येणे आणि तोंडी सांगितलेले काम लिहून घेणे, या दोन सवयी नसतील तर पदवीचा उपयोग होत नाही, हेही त्याने स्पष्ट बोलावे.

भगिनींचा वाटा

हे पाचही तास पुरुषांनीच घ्यावेत असे नाही. निंदण, बियाणे राखणे, गोठा आणि भाजीपाला यांतील कितीतरी काम घरातील बाईच्या हातचे असते. कोणत्या तणाला फुलोरा येण्यापूर्वी काढावे, गाय माजावर आल्याची खूण कोणती, डाळीला भुंगा लागू नये म्हणून काय करावे, हे तिच्याइतके नेमके दुसरा कोणी सांगणार नाही. कार्यानुभवात पशुसंवर्धन आणि अन्नप्रक्रिया यांसाठी स्वतंत्र आठवडे आहेत. ते तास भगिनींनी घ्यावेत आणि महाविद्यालयाने त्यांना मानाने बोलवावे.

काही शंका

‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही कॉलेजात काय शिकविणार?’ अशी एक शंका निघते. आपण व्याख्यान द्यावे अशी अपेक्षाच नाही. आपले काम दाखवावे आणि प्रश्नाला उत्तर द्यावे. बोलण्याचा संकोच वाटत असेल तर महाविद्यालयाने मुलांनाच आपल्या शेतात आणावे. तास धुऱ्यावर होईल.

‘आमचा दिवस बुडतो’ ही शंका खरी आहे. शेतकऱ्याच्या वेळेलाही किंमत आहे. महाविद्यालयाने प्रवासखर्च व मानधन द्यावे, आणि ते मागण्यात आपण संकोच करू नये. बाहेरच्या तज्ज्ञाला मानधन देतात, तसेच हे.

तिसरी गोष्ट आपण स्वतः सांभाळावयाची आहे. विद्यार्थी हा फुकटचा मजूर नव्हे. निंदण करायला लावा, पण आठ आठवडे निंदणच करायला लावू नका. आणि आपण सांगतो ते सर्वच बरोबर असते असेही नाही. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली एखादी रीत त्याने विचारपूर्वक खोडली तर राग धरू नये. अर्ध्या एकरावर त्याचे म्हणणे आणि अर्ध्या एकरावर आपली पद्धत ठेवून पीक उभे असतानाच दोन्हीकडे त्याला मोजणी करायला सांगावी. सोंगणीपर्यंत तो गावात नसेल, तर उताऱ्याचा आकडा आपण त्याला नंतर कळवावा.

आपण काय मागावे?

ज्याने तास घेतला, त्याला चार गोष्टी मागण्याचा अधिकार येतो. एक, माती नमुन्याचा अहवाल. मुले शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घेतात, माती एकत्र करून चार भाग करीत अर्धा किलोवर आणतात. त्या नमुन्याचा निकाल आणि त्यावरून खताची मात्रा आपल्या हातात पडलीच पाहिजे. दोन, उगवणशक्तीचा आकडा पेरणीपूर्वी. तीन, आठ आठवडे त्याने आपल्या शेताची ठेवलेली नोंद: पाऊस, कीड, फवारणी, खर्च. चार, जाताना एका पानावर सोप्या मराठीत लिहिलेला सारांश. जाडजूड अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात जाईल. हे एक पान आपल्या घरात राहील आणि पुढच्या वर्षी येणारा विद्यार्थी तेथून पुढे सुरुवात करील. नाहीतर दरवर्षी नवा मुलगा तीच प्रश्नावली घेऊन येतो आणि आपण तीच उत्तरे देतो.

महाविद्यालयांनाही विनंती आहे की, शेवटच्या मूल्यमापनात ज्या शेतकऱ्याकडे विद्यार्थी राहिला त्याचा शेरा विचारात घ्यावा. कामावर किती वाजता आला, काय शिकला, सांगितलेले पाळले का, एवढे तीन प्रश्न पुरेत.

पुढचे पाऊल

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. डोणगाव आणि आसपासच्या गावांतून सहा-सात नावे ठरवा. त्यांत एक कोरडवाहू सोयाबीन-तुरीचा शेतकरी, एक ओलिताचा, एक भाजीपाल्याचा, एक दुधाचा धंदा करणारी भगिनी, एक कृषी सेवा केंद्रवाला असावा. कोण कोणता तास घेईल ते लिहा. ग्रामसभेत वाचून दाखवा आणि सत्र सुरू होण्यापूर्वी ते पत्र महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे व कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवा. मागणी शेतकऱ्यांकडून लेखी आली म्हणजे तिला उत्तर द्यावेच लागते.

विद्यापीठाने शेतकऱ्यांना शिकविण्यासाठी खेड्यात जावे, हे आपण पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहोत. ते चालूच राहावे. त्याच्या जोडीला शेतकऱ्यानेही शिकविण्यासाठी विद्यापीठात जावे आणि आपल्या उद्याच्या अधिकाऱ्याला, दुकानदाराला, कदाचित आपल्याच मुलाला, पहिला धडा स्वतः द्यावा. येणाऱ्या हंगामात डोणगावच्या शेतकऱ्यांनी ही सुरुवात करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.